मडकईचे खोके, नव्वद दिवसांची उधारी

हे प्रकरण पुठ्ठ्याच्या खोक्यांचं आहे. खोके म्हटलं की 2022 पासून लोक भलतंच हसतात, म्हणून आधीच सांगतो: कोरोगेटेड बॉक्स, ज्यांत औषधांची पाकिटं भरून ट्रक सुटतात ते. गोव्यात मडकईच्या औद्योगिक वसाहतीत असे खोके बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालक फोंड्याचे, कामगार चौदा, रोजचा हिशेब वहिनी बघतात आणि जीएसटी-आयकराचे कागद माझ्या टेबलावर येतात. वेर्ण्याच्या वसाहतीतली एक बहुराष्ट्रीय औषध कंपनी हे त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. दहा रुपयांच्या विक्रीतले सात तिथून येतात. नावं कुणाचीच घेत नाही. मालकांना अजून धंदा करायचा आहे.

मोठ्यांनी छोट्या पुरवठादारांना हात द्यावा, असं व्यासपीठावरून सगळेच म्हणतात. हात द्यायचा म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे मला या शेडमध्ये थोडंफार कळलं.

थप्पी बसली

जुलै 2022. वेर्ण्याहून फोन आला तेव्हा मालक मशीनचा बेल्ट ताणत होते. कंपनीच्या गोदामातली एक थप्पी रात्रीत कलली होती. तळातले खोके गुडघे टेकल्यासारखे दबले होते आणि वरचे तिरपे होऊन शेजारच्या थप्पीवर रेलले होते. औषध वाचलं, खोके सगळे परत. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: माल नापास, कारण बर्स्टिंग स्ट्रेंथ कमी. सोबत 84 हजारांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी कपात.

मालकांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. यातला हिशेब तसा शाळकरी आहे. कागदाचं जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) गुणिले बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद फुटायला किती जड त्याचा आकडा), भागिले हजार. 150 जीएसएम, 20 बीएफचा कागद म्हणजे 3. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्यात असे तीन सपाट कागद, म्हणजे 9. मधले दोन नळीचे, म्हणजे लाटांसारखे वळवलेले, 120 जीएसएम, 18 बीएफ, प्रत्येकी 2.16, धंद्याच्या रिवाजाने नळीचा कागद निम्माच धरतात. एकूण 11.16. ऑर्डरमध्ये मागितलं होतं 11. मग नापास कसा?

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून एक तरुण पॅकेजिंग इंजिनिअर आला. इतर वेळी असे लोक वेर्ण्यालाच येतात, एसी खोलीत बसून पुरवठादाराला बोलावून घेतात आणि संध्याकाळच्या विमानाने परत जातात. हा बोरी पूल ओलांडून मडकईला आला आणि दोन दिवस राहिला. दबलेला खोका उलटा करून त्याने कोपऱ्यावर अंगठा दाबला. कोपरा ओल्या पापडासारखा आत गेला.

"काका, हा खोका फुटलेला नाही. बसलाय."

प्रकरणाची किल्ली या वाक्यात होती. बर्स्टिंगची चाचणी कागदाला भोक पाडायला किती जोर लागतो ते सांगते. थप्पीच्या तळाचा खोका मात्र खांबासारखा उभा असतो. त्याला फुटायचं नसतं, उभं राहायचं असतं, आणि ती ताकद बहुतेक चार उभ्या कोपऱ्यांत असते. कंपनीच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं बर्स्टिंगचा आकडा चालत आला होता. तो कुणी ठरवला हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यात आपला पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बराचसा जून-जुलैत. कागद हवेतला ओलावा पितो आणि दमट गोदामात आठवडे काढले की खोक्याची उभं राहायची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

दोष मालकांचाही होता. त्यांच्याकडे चिकटवलेल्या शीट मे महिन्यात अंगणात सुकतात, जुलैत पंख्याखाली. स्टार्चची खळ वरून कोरडी दिसते, पोटात ओली राहते. इंजिनिअरने मीटर लावला तेव्हा मालक काहीच बोलले नाहीत, नुसते पंख्याकडे बघत राहिले. पण तिसरी गोष्ट वेर्ण्यात निघाली. पॅलेट खोक्यांच्या मापाचं नव्हतं. कडेचे खोके दोन इंच बाहेर लोंबत होते, म्हणजे ज्या कोपऱ्यांवर भार घ्यायचा तेच हवेत. हे इंजिनिअरने स्वतःच्या कंपनीच्या गोदाम-प्रमुखासमोर सांगितलं, ते मला फार आवडलं. डेबिट नोट 84 हजारांची 30 हजारांवर आली.

पुढे काय झालं? खोक्याचा नमुना बदलला. नळीचा कागद जरा भारी, मधला सपाट कागद जरा हलका, वजन जवळपास तेच. ऑर्डरमध्ये बर्स्टिंगच्या जोडीला उभ्या दाबाची चाचणी आली. ती मशीन छोट्या कारखान्याला परवडत नाही, म्हणून दर सोमवारी भाड्याचा टेम्पो पाच नमुने घेऊन वेर्ण्याला जातो आणि कंपनीच्या मशीनवर ते फुकट तपासून मिळतात. आधी कंपनी तीन आठवड्यांचा माल एकदम मागवायची, तो आता पावसाळ्यात दर आठवड्याला जातो, म्हणजे खोके दमट हवेत पडून राहत नाहीत. मालकांनी शेडच्या कोपऱ्यात हीटरची सुकवण-खोली बांधली, एक लाख दहा हजारांत. पॅलेटही बदललं. कंपनीचा या सगळ्यावर झालेला खर्च मी अंदाजाने मोजला, तर त्याच वर्षी एका तारांकित हॉटेलात झालेल्या पुरवठादार मेळाव्याच्या जेवणाइतकाही तो नसावा. त्या मेळाव्यात मालकांना शाल आणि स्मृतिचिन्ह मिळालं होतं. स्मृतिचिन्ह काचेचं होतं, टेम्पोतून येताना फुटलं. सुदैवाने खोक्यात नव्हतं.

पैसा कुठे अडकतो

खोक्याचं दुखणं दोन दिवसांत सापडलं. पैशाचं दुखणं जुनं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

वेर्ण्याला महिन्याला साधारण 12 लाखांचा माल जायचा. करारात 90 दिवस लिहिलेले. हे दिवस मालाची पोच संगणकात चढल्यापासून मोजायचे आणि पैसे सुटायचे महिन्यातून दोनदाच, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वर जात. म्हणजे कुठल्याही दिवशी 40 लाख बाहेर. त्यातले 25 लाख बँकेच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाचे, 11 टक्क्यांनी. 10 लाख कागदाच्या व्यापाऱ्याची उधारी, तो मुदत उलटली की 18 टक्के लावतो. उरलेल्या 5 लाखांसाठी वहिनींचं सोनं 10 टक्क्यांनी गहाण. वर्षाचं व्याज 2 लाख 75 हजार, अधिक 1 लाख 80 हजार, अधिक 50 हजार: 5 लाख 5 हजार. या गिऱ्हाइकाकडून व्याजाआधी मिळणारा नफा 7 टक्के धरला तर वर्षाला दहा लाख. निम्मा नफा गिऱ्हाइकाला उधार द्यायच्या खर्चात जात होता. जगभर पसरलेल्या कंपनीला मडकईची एक वहिनी सोनं ठेवून कर्ज देत होती, याहून सरळ शब्दांत मला सांगता येत नाही.

वर जीएसटी. तेव्हा खोक्यांवर 18 टक्के, कागदावर 12. महिन्याच्या 12 लाखांवर 2 लाख 16 हजार कर. साडेसात लाखांच्या कागदावर भरलेले 90 हजार वजा केले तरी 1 लाख 26 हजार रोख. हा कर बिलाच्या तारखेवर लागतो. पैसे तीन महिन्यांनी येणार, कर पुढच्या महिन्यात भरायचा. कंपनी मात्र त्या कराचं क्रेडिट लगेच घेणार, म्हणजे तेवढा कर आपल्या करातून वजा करणार.

कायदा नव्हता असं नाही. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2023-24 मध्ये बँक रेट 6.75 होता, म्हणजे 20.25 टक्के. 90 दिवसांचा करार मुळातच कायद्यापुढे टिकणारा नव्हता. अशा थकलेल्या पैशांसाठी सरकारी सुविधा परिषदेकडे दावा लावता येतो, त्यासाठी 2017 पासून समाधान पोर्टलही आहे. मी मालकांना विचारलं होतं, लावूया का? ते म्हणाले, "दावा जिंकू हो, पण ऑर्डर हरू." सत्तर टक्के धंदा ज्याच्या हातात त्याच्यावर खटला कोण भरणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच.

मार्ग निघाला तो कंपनीच्या आतून. थप्पीच्या भानगडीनंतर वेर्ण्याच्या कारखान्याच्या पुरवठा-प्रमुख बाईंनी स्थानिक पुरवठादारांची यादी मागवली. त्यांना एप्रिल 2020 आठवत होता. टाळेबंदीत बाहेरून येणारे खोके राज्याच्या सीमेवर अडकले होते आणि मडकईचा टेम्पो पास लावून वेर्ण्याला पोचत होता. पुढे जे झालं त्यात उपकाराचा भाग कमी, गरजेचा जास्त. माझ्या मते तेच बरं. उपकार बजेट संपलं की संपतो.

बाईंनी हिशेब विभागातल्या साहेबांना आणि आम्हाला एकत्र बसवलं. ट्रेड्स नावाची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये आखली आहे. पुरवठादाराचं बिल गिऱ्हाइकाने मंचावर मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात. व्याज लागतं ते मोठ्या गिऱ्हाइकाची पत बघून, आणि गिऱ्हाइकाने पुढे पैसे थकवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. 500 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 2018 पासून तिथे नोंदणी सक्तीची होती. नोव्हेंबर 2024 मध्ये ती रेषा 250 कोटींवर आली. ही कंपनी नोंदवलेली होतीच, फक्त एकही बिल तिने तिथे चढवलं नव्हतं. कारण विचारलं तर साहेब निरागसपणे म्हणाले, "तुमच्याकडून कधी मागणीच आली नाही."

बिलं चढायला लागली. आठ टक्क्यांच्या आत पैसे मिळू लागले. मला मात्र यात एक खोट दिसते आणि ती मी त्या बैठकीतही बोललो: 90 दिवस तसेच ठेवून त्याचं व्याज पुरवठादाराने सोसायचं, तर उशीर नुसता चकचकीत झाला, कमी झाला नाही. शेवटी असं ठरलं की सूक्ष्म उद्योगांची मुदत 45 दिवस आणि त्याआधी पैसे हवे असतील तर तेवढ्याचंच व्याज पुरवठादाराचं. वहिनींचं सोनं 2023 च्या चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, सुटलं. कामगारांचा बोनसही त्याच आठवड्यात, आमच्याकडे तो चवथीला द्यावा लागतो. दिवाळीपर्यंत थांबणारा कामगार गोव्यात सापडायचा नाही.

ज्यांच्याकडे अशा बाई नव्हत्या त्यांचं काम आयकराने केलं. कलम 43बी मध्ये नवा (एच) खंड आला, 2023-24 च्या हिशेबापासून. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. पुरवठादाराचं दुखणं गिऱ्हाइकाच्या करात दिसायला लागलं. मार्च 2024 मध्ये माझ्या अशिलांच्या खात्यांत जेवढे जुने पैसे आले तेवढे आधीच्या कुठल्या मार्चमध्ये बघितले नव्हते. उलटी बाजूही त्याच महिन्यात दिसली. मालकांच्या एका दुसऱ्या गिऱ्हाइकाने गोड शब्दांत सुचवलं की उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी असलेली नोंद, रद्द केलीत तर पुढच्या वर्षी ऑर्डर वाढवू. मालकांनी नोंदणी ठेवली. ते गिऱ्हाईक गेलं.

कागदाचा भाव आणि छापलेले खोके

2021 ची गोष्ट राहिली. चीनने 1 जानेवारी 2021 पासून रद्दीची आयात बंद केली, तिथे रद्दीऐवजी बाहेरचा तयार कागद लागू लागला, कंटेनर मिळेनात, आणि आपल्या मिलांचा क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांना लागतो तो, भडकला. मालकांच्या बिलांवर 24 रुपये किलोचा कागद काही महिन्यांत 36 झाला. खोक्याचा दर वर्षभरासाठी बांधलेला. त्या वर्षी त्यांनी प्रत्येक खोक्यामागे तोटा खाऊन माल दिला.

नव्या करारात दर दोन तुकड्यांत आहे: कागदाचा भाव आणि बनवणावळ. कागद पाच टक्क्यांहून जास्त हलला की तिमाहीला खोक्याचा दर आपोआप हलतो, वर आणि खालीही. खाली गेला तेव्हा मालक कुरकुरले. मी म्हटलं, हा सौदा तुम्हीच मागितला होता.

छापील खोक्यांची रड मात्र बाहेरच्याला कळत नाही. औषधाच्या खोक्यावर औषधाचं नाव, खुणा, सूचना छापलेल्या असतात. कंपनीने एक ओळ बदलली की शेडमध्ये तयार पडलेले तीन हजार खोके रद्दी. ते दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत. मांडवीवर मासे भरायलाही कुणी घेत नाही. आता बारा आठवड्यांचा अंदाज मालकांना दर सोमवारी मिळतो, त्यातले पहिले चार आठवडे पक्के. पक्क्या आठवड्यांतला छापील माल बदलला तर कंपनी पैसे देऊन उचलते. याच अंदाजाच्या जोरावर, आणि वर्षभराच्या किमान मालाचं पत्र जोडून, मालकांनी चिकटवणीची मशीन घेतली. कंपनीला पिना मारलेले खोके नको होते, औषधात धातू येण्याची भीती. बँकेने तारण मागितलं नाही. सरकारी पतहमी होती आणि ते पत्र होतं. बँक मॅनेजरनी पत्र दोनदा वाचलं. अशा पत्राला कंपनीला एक रुपयाही लागत नाही.

वितरकाची बाजू

मालकांच्या मेव्हण्याची डिचोलीला एजन्सी आहे, साबण-शांपूची, तीही एका बहुराष्ट्रीय कंपनीची. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते हसले. त्यांचा पैसा उलट्या दिशेने अडकतो: माल आगाऊ पैसे भरून घ्यायचा, दुकानदाराला उधार द्यायचा आणि स्कीमचे, खराब मालाचे क्लेम कंपनीकडून महिनोन्‌महिने यायचे राहतात. त्यांना 45 दिवसांचं संरक्षणही नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी जुलै 2021 पासून मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. त्यामुळे वितरकाला कायद्याचा दांडा नाही, असेल ती कंपनीचीच मर्जी. क्लेमला तारीख बांधून देणं, एवढं जरी एखाद्या कंपनीने केलं तरी डिचोलीत तिची आरती ओवाळतील. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सध्या

22 सप्टेंबर 2025 पासून खोक्यांवरचा जीएसटी 5 टक्के झाला आणि क्राफ्ट कागदाचा 18. आता मालक कागदावर जास्त भरतात, खोक्यावर कमी गोळा करतात आणि फरक सरकारकडे परताव्यासाठी पडून राहतो. वेर्ण्याची उधारी आटली, तर हे नवं तळं साचलं. परताव्याचे अर्ज मी भरतो आहे.

पुरवठा-प्रमुख बाई दुसऱ्या कारखान्यावर गेल्या. मुख्यालयाने खोक्यांसाठी ऑनलाइन उलटा लिलाव लावला, म्हणजे जो कमी बोलेल त्याला माल. मालक घाबरले होते. वहिनींनी कराराच्या सूत्राने दर काढला, एकदाच टाकला आणि लॅपटॉप बंद केला. त्यांच्यापेक्षा कमी बोलणारा एक निघाला, परराज्यातला. कंपनीने माल वाटून दिला. मालकांच्या विक्रीतला वेर्ण्याचा वाटा सत्तर टक्क्यांवरून पंचावन्नवर आला. मोकळ्या झालेल्या वेळात मालक कुंडईच्या दोन नव्या गिऱ्हाइकांकडे जाऊन आले. एकाला पाच प्लाय हवे आहेत, दुसऱ्याला दर ऐकून विचार करायचा आहे.

गेल्या महिन्यात ताळेबंदासाठी देण्यांची यादी बघत होतो. सर्वांत जुनं नाव टेम्पोवाल्याचं होतं, तोच, जो टाळेबंदीत पास लावून वेर्ण्याला जायचा आणि आता दर सोमवारी नमुने नेतो. त्याची अठ्ठ्याहत्तर दिवसांची बिलं थकलेली.

"वहिनी, याचे का राहिले?"

वहिनींनी चष्मा वर केला. "त्याने कधी मागितलेच नाहीत."

मग त्यांनी खण उघडून चेकबुक काढलं.